बाबूजींची चार मिनिटं

धान कापणीला आलं की मला गोंदियात बसवत नाही. फळ्यासमोर उभी असते, सातवीच्या पोरांना आम्ल आणि आम्लारी शिकवत असते, आणि खिडकीतून तो वास येतो. कापलेल्या धानाचा, थोडा ओला, थोडा गोडसर. आता शहरात, रेल्वेलाइनच्या बाजूला, कुठला आलाय कापलेल्या धानाचा वास? येतो तो राइस मिलच्या कोंड्याचा. पण माझं नाक हट्टी आहे, माझ्यासारखंच. मग शनिवारी शाळा सुटली की पिशवी उचलते, कोहमाऱ्याला गाडी बदलते, तिथल्या ढाब्यावर उभ्याउभ्या एक चहा घशाखाली ओतते आणि गाव गाठते. यंदाही गेले. बाबूजी गेल्यानंतरची ही दुसरी कापणी.

आमचं गाव अर्जुनी मोरगावच्या बाजूला, तलावाच्या पाळीखाली. तलाव आमच्याच पूर्वजांनी बांधला असं घरात सांगतात. खरंखोटं तलावाला माहीत. पाळीवर उभं राहिलं की एका अंगाला पाणी आणि दुसऱ्या अंगाला खाली उतरत गेलेल्या बांध्या, म्हणजे धानाची बांध घातलेली शेतं, पिवळ्या, कुठे अजून हिरवट, आणि आभाळ साफ असेल तर लांब आमच्याकडच्या प्रतापगडचा डोंगर. माझे वडील, बाबूजी, या तलावाचे पाणकर होते. म्हणजे कोणाच्या बांधीला किती पाणी, किती वेळ, हे ठरवणारा माणूस. पाळीच्या पोटात तुडूम असतं. दगडी बांधकाम, त्यात एकाखाली एक भोकं, प्रत्येकाला लाकडी दट्ट्या. पाणी वर असेल तर वरचं भोक उघडायचं, उतरलं की खालचं. बाबूजी कंबरभर पाण्यात उतरून दट्ट्या काढायचे आणि पाळीवर बसलेले शेतकरी एकही शब्द न बोलता त्यांच्याकडे बघत राहायचे. एवढा मान आमच्या घरात दुसऱ्या कोणाला मिळाला नाही. मला तर नाहीच.

आता माझ्या वेडाबद्दल. विज्ञानाच्या पुस्तकात एक धडा आहे, त्यात ‘सूचिछिद्र प्रतिमाग्राहक’ असा शब्द आहे. हा शब्द मोठ्यानं वाचला की वर्ग हसतो, मलाही हसू येतं. म्हटलं, नुसतं वाचून काय होतं, करूनच दाखवते. दूध पावडरचा डबा घेतला, आतून काळा रंगवला, कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा कापून त्याला सर्वांत बारीक सुईनं भोक पाडलं, ते डब्याला चिकटवलं, आणि आत फोटोचा कागद वाकवून ठेवला. भिंग नाही, बटण नाही. भोकावरची काळी पट्टी काढायची, मोजायचं, पट्टी लावायची. झाला कॅमेरा. त्या कागदावर शाळेची पाण्याची टाकी आणि कडुनिंब उलटे उतरले तेव्हा पोरं ओरडली, आणि त्यांच्यापेक्षा जास्त मी ओरडले. पुढं पोरांचा धडा संपला, माझा काही संपेना. कागदासाठी बाजारातल्या जुन्या फोटोवाल्याकडे गेले तर तो माझ्याकडे वरून खाली बघत म्हणाला, “मॅडमजी, ये पेपर तो पिताजी के टाइम पे बिकता था. आप मोबाइल से क्यों नहीं खींचते?” शेवटी नागपूरहून कुरियरनं मागवायला लागले.

दोन वर्षांपूर्वीची दिवाळीची सुट्टी, बाबूजी होते तेव्हाची. मी चार डबे, कागदाची पाकिटं आणि केमिकलच्या बाटल्या घेऊन गावी आले. धान ठेवायच्या कोठीच्या खोलीला खिडकी एकच, तिला घोंगडं लावलं, लाल बल्ब लावला, तीन घमेली मांडली. मायनं दारातून बघितलं आणि कपाळावर हात मारला. “आता मी धान कुठं ठेवू न् तुजं हे घानेरडं पानी कुठं ठेवू?”

बाबूजींनी एक डबा उचलला, हलवून बघितला, कानाशी लावला.

“यात काय हाय, बाई?” आमच्याकडे पोरीला लाडानं बाई म्हणतात.

“काही नाही, बाबूजी. रिकामा आहे.”

“मंग फोटो कायच्यानं उतरते?”

मी त्यांना भोक दाखवलं. म्हटलं, यातून उजेड आत जातो. भोक बारीक आहे म्हणून थोडाथोडाच जातो, म्हणून जास्त वेळ लागतो. ते भोकाकडे बघत राहिले. मग हसले.

“म्हंजे तुडूम.”

“काय?”

“तुडूम नाही त् काय! भोक लहान त् बांधी भराले येळ लागते. भोक मोठं केलं त् लवकर भरते. जास्त झालं त् धान सडते. तुले येळ बराबर मोजता आला पाहिजे, बस.”

मला वर्गात हे समजावून सांगायला दोन तास लागले होते आणि तरी अर्ध्या पोरांच्या डोक्यावरून गेलं होतं. बाबूजींना मिनिटही लागलं नाही. त्या दिवशी मला त्यांचा केवढा अभिमान वाटला! वाटला, पण बोलले नाही. आमच्या घरात असलं काही बोलायची पद्धत नाही.

त्या कार्तिकातली दुपारची उन्हं मला अजून पाठीवर जाणवतात. धुऱ्यावर, म्हणजे दोन बांध्यांमधल्या बांधावर, डबा ठेवायचा, दगडानं घट्ट करायचा, पट्टी काढायची. समोर आठ-दहा बाया कंबरेत वाकून कापत चाललेल्या, विळ्यांचा खसाखसा आवाज, मधेच कोणीतरी खो खो हसायचं, कोणीतरी पवारी बोलीत कोणाला तरी शिव्या घालायचं. मागं कापलेल्या धानाचे कडपे वाळत पडलेले. मी मोजत उभी. कोठीत जाऊन कागद धुतला की त्यात बांधी दिसायची, धुरा दिसायचा, कडपे अगदी काडी-काडी दिसायचे. आणि बाया? एकही नाही. कापत-कापत पुढं सरकणाऱ्या बायांना तो डबा धरूच शकत नव्हता. एका फोटोत फक्त धुऱ्यावर तंबाखू मळत बसलेला एक रिकामटेकडा म्हातारा उतरला, तोही छान ठसठशीत.

बाबूजींनी तो फोटो बराच वेळ बघितला. “अजब हाय तुजा डब्बा. काम करनारा याले दिसतच नाही. बसनारा दिसते.”

पुढं माझ्या कामाबद्दल पुष्कळ लोक पुष्कळ बोलले. इतकं खरं कोणी बोललं नाही.

त्यांचा स्वतःचाही धड फोटो नव्हता. मोबाइलमध्ये होते दहा-बारा, सगळ्यांत ते कुठूनतरी येताहेत किंवा कुठंतरी निघालेत. भाच्याच्या लग्नात तर नुसती पाठ आहे. फोटो काढू म्हटलं की “काढ लवकर” म्हणायचे आणि काढेपर्यंत गेलेले असायचे. त्यातून त्या वर्षी त्यांचे हात थरथरायला लागले होते. बशीत ओतलेला चहा तोंडाशी जाईपर्यंत अर्धा सदऱ्यावर. डॉक्टर म्हणाले वयानं होतं. मला वाटलं, हे वाढायच्या आत यांना एकदा बसवायचं. एकदा, नीट, समोर, माझ्याकडे बघत.

सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी बसवलं. तीनचं ऊन अंगणात तिरपं आलेलं. धुतलेला पांढरा सदरा घालून, केसांना पाणी लावून बाबूजी प्लास्टिकच्या खुर्चीत बसले. नवरदेवाला बसवतात तसे अवघडून.

“किती येळ?”

“चार मिनिटं. हलायचं नाही.”

“खोकला आला त्?”

“दाबायचा.”

“माशी बसली त्?”

“बाबूजी!”

“बरं, बरं. काढ.”

मी पट्टी काढली आणि घड्याळ बघायला लागले. इथंच माझं चुकलं म्हणते मी. चार मिनिटं माझे वडील माझ्यासमोर गप्प बसले होते, आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं, आणि मी त्या चार मिनिटांत सेकंदकाट्याकडे बघत होते. त्यांच्याकडे नाही. तलावाकडून टिटवी ओरडत होती एवढं आठवतं. ते कसे दिसत होते, डोळे कसे होते, ओठ कसे होते, मला सांगता येणार नाही.

कोठीत गेले, कागद घमेल्यात सोडला. पहिल्यांदा सदऱ्याची जागा आली, मग भिंत आली, आणि मग सगळं भराभरा काळं व्हायला लागलं. रेष कशाचीच नाही. चेहऱ्याच्या जागी एक पुसट गोळा. माझं डोकं सरकलं. माझा राग असा आहे, आला की आधी तोंड सुटतं, मग अक्कल जागी होते. तो कागद फोटो पक्का करायच्या घमेल्यात टाकायचंसुद्धा भान राहिलं नाही. तसाच ओला, टपटप गळता घेऊन मी दार लोटून अंगणात आले.

“हे बघा! हललात तुम्ही! चार मिनिटं एका जागी बसवत नाही तुम्हाला?”

बाबूजी उठून उभे राहिले. कागद हातात घेतला. आणि पक्का न केलेल्या कागदाचं उन्हात जे होतं तेच झालं. आमच्या दोघांच्या डोळ्यांदेखत तो पुसट गोळा करडा झाला, मग जांभळट, मग काळा. जेमतेम चार श्वासांत कागदावर काहीही उरलं नाही. कागद त्यांच्या बोटांत थरथरत होता. त्यांनी तो हळूच खुर्चीवर ठेवला आणि दोन्ही हात मागं नेले, पाठीमागं लपवले.

“हललो असन, बाई,” ते म्हणाले. “हात आयकत नाहीत आता.”

मी काय केलं? काही नाही. पाय आपटत आत गेले आणि बाटल्या बांधायला लागले.

गोंदियाला आल्यावर चौथ्या दिवशी डबा घासायला घेतला. शाळेतल्या भिंगाखाली ते भोक बघितलं. सुईनं पाडलेलं गोल, बारीक भोक ते नव्हतंच. चांगलं दुप्पट झालं होतं, कडा फाटलेल्या. मायला फोन लावला.

“माय, डब्याला कोणी हात लावला होता का?”

“अगा बाबूजीनं साफ केलं ना! तू आंघोळीले गेली होती तवा. म्हने भोक बुजल्यावानी दिसते, पोरीचा फोटो खराब होईन. बाभळीचा काटा घेतला न् मस्त मोकळं करून देल्लं. काऊन, काय झालं?”

“काही नाही,” मी म्हटलं.

जन्मभर त्यांनी हेच तर केलं होतं. तुडुमात शेवाळ अडकलं की काडी घालून मोकळं करायचं. स्टोव्ह, पंपाचा नोझल, नळाची तोटी, बारीक भोक दिसलं की त्यांच्या हातात काटा आलाच. माझा फोटो चांगला यावा म्हणून त्यांनी तो बिघडवला होता. आणि ते हलले नव्हते. हललेल्या माणसाची नुसती छटा सांडते, भिंतीची रेघ नाही जात. इथं भिंतच विरघळली होती. हात तेवढे थरथरले असतील, पण बाकी माणूस चार मिनिटं दगडासारखा बसला होता.

त्याच क्षणी फोनवर सांगायला हवं होतं. का नाही सांगितलं? मी स्वतःला हजारदा विचारलंय. ‘तुम्ही हलला नाहीत’ म्हटलं असतं तर ‘मग काय झालं’ आलं असतं, आणि मग ‘तुम्हीच भोक बिघडवलं’ हे सांगावं लागलं असतं. त्यांना वाईट वाटेल म्हणून नाही सांगितलं, असं मी बरेच दिवस धरून होते. साफ खोटं. मला माफी मागायची नव्हती, एवढंच होतं ते. म्हटलं, जाऊ तेव्हा समोरासमोर हसत-हसत सांगू. संक्रांतीला गेले एका दिवसासाठी. बाबूजींनी पिशवीकडे बघत विचारलं, “डब्बा नाही आनला?” मला वाटलं टोमणा मारून राहिले. “परीक्षा आहेत,” म्हणून मी विषय तोडला. त्यांनी मान हलवली. चैत्रात, दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. तेरवीच्या फोटोसाठी घरात धुंडाळलं तर काही मिळेना. शेवटी आधार कार्डावरचा चेहरा मोठा करून आणला. आता तोच भिंतीवर आहे. फोटो काढणाऱ्या पोरीच्या बापाचा.

आणि निर्लज्जपणा बघा. तो काट्यानं मोकळा केलेला पत्रा मी फेकला नाही. त्याच डब्यात वेळ कमी करून कागद लावत राहिले, आणि जे उतरायला लागलं ते मला सुईच्या नेटक्या भोकातून कधी मिळालं नव्हतं. धान कापून गेलेली बांधी, धुऱ्यावर विसरलेला विळा, पाळीवरची चपलांची जोडी, सगळं जरा विरघळलेलं. माणूस कुठंच नाही. नागपूरला एका छोट्या प्रदर्शनात हे फोटो लागले तेव्हा एका बाईंनी विचारलं, “ही तुमची शैली तुम्हाला कशी सापडली? आणि माणसं का नाहीत?” मी रिकामपण, अनुपस्थिती, असं काहीबाही बोलले. लोकांनी माना डोलावल्या. माझी शैली! अर्धी बाबूजींच्या काट्याची, अर्धी त्यांच्या एका वाक्याची. घरी येऊन मी इतकी रडले की शेजारीण दार वाजवून गेली. ज्याच्यामुळे हे सगळं झालं त्या माणसाला मी ‘हललात’ म्हणून खुर्चीतून उठवून लावलं, आणि खरं काय ते त्याला मी सांगितलंच नाही. हे दुःख मला कुठं ठेवावं कळत नाही. धान कापणीला आलं की ते वर येतं, दरवर्षी येणार.

यंदा गावी पोचले तर आमच्या बांधीत हार्वेस्टर घुसलेलं. दोन तासांत सगळं साफ. बाया नाहीत, कडपे नाहीत, नुसता धुरळा. माय सपरीत, म्हणजे पडवीत, बसून ते बघत होती. अचानक मला भीती वाटली. हीसुद्धा जाईल, आणि हिचाही आधार कार्डावरचा चेहरा भिंतीवर लागेल. म्हटलं, “माय, बस. तुझा फोटो काढते. इथं उजेड कमी आहे, पाच मिनिटं लागतील.” ती कटकट करेल, ‘मले कामं हायत’ म्हणेल असं वाटलं होतं. तिनं पदर सारखा केला, हात मांडीवर ठेवले आणि बसली.

या वेळी मी घड्याळ बघितलं नाही. मनात मोजत तिच्याकडेच बघत राहिले. तिच्या नाकावर माशी बसली, उडाली, परत बसली. तिच्या पापण्यासुद्धा जेमतेम हलल्या. तीनशेपर्यंत मोजलं, पट्टी लावली आणि म्हटलं, “माय, कमाल केलीस! एवढं न हलता बसायला कुठं शिकलीस?”

“बाबूजीसंगं,” ती सहज म्हणाली.

“म्हणजे?”

“तू त्या साली गेली ना, तवापासून त्याइचं चालू झालं. रोज जेवन झालं का खुर्ची आंगनात. मले म्हनत, तू समोर बस न् मोज. हात असे मांडीखाली दाबून बसत. हलले का पुन्हा पयलेपासून. मी हासली त् रागावत. म्हनत, बाईचा कागद महाग हाय, दुसऱ्यांदा खराब नाही झाला पाहिजे. आंधी दोन मिनिटं होये, मंग तीन. संक्रांतीच्या आंधी पुरे पाच झाले. लई खुश होते. मी म्हटलं फोन करून सांगू का बाईले, त् म्हने नाही, डब्बा घेऊन येईन तवा बसूनच दाखवतो.”

हार्वेस्टर थांबलं होतं. मी डब्याच्या बाजूला तशीच उकिडवी बसून होते.

“माय, ते हलले नव्हते गं. भोक मोठं झालं होतं म्हणून फोटो बिघडला. मला तेव्हाच कळलं होतं.”

माय माझ्याकडे बघत राहिली. रागावली नाही. तिला आधी नीट समजलंच नाही बहुतेक. मग समजलं.

“मंग सांगाचं होतं ना, बाई,” ती म्हणाली. “पाठ दुखे त्याइची.”